एकाच भविष्यावर किती विसंबायचं? पुण्याच्या पश्चिमेचे रस्ते, जमीन आणि कॅरमच्या सोंगट्या

शिवरस्ता | रविवार, रात्री ९:४०

आज सकाळी हिंजवडीजवळच्या माण गावाच्या अलीकडे एका ओळखीच्यांच्या ओसरीवर आम्ही अकरा जण बसलो होतो. मध्ये फ्लेक्सवाल्याकडून छापून आणलेला सहा फुटी नकाशा, वाकडपासून मुळशीच्या डोंगरापर्यंतचा. कॅरमचे दोन संच फोडून सोंगट्या वाटल्या. काळी सोंगटी म्हणजे दहा हजार माणसांची घरं, पांढरी म्हणजे पाच हजार नोकऱ्या. मोठ्या रस्त्यासाठी लाल लोकर, बस-मेट्रोसाठी हिरवी. लोकर मोजून दिली होती, कारण पैसेही मोजकेच असतात. नियम एकच: हातात एकही सोंगटी उरता कामा नये. माणसं येणारच आहेत, ती कुठे राहतील ते तुम्ही ठरवा.

पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी सोंगट्या स्वतःच्या गावापासून लांब ठेवल्या. मग नदीच्या पलीकडे इतकी गर्दी झाली की सोंगटीवर सोंगटी चढली. घरमालक आजोबा बराच वेळ गप्प होते. त्यांनी एक काळी सोंगटी उचलून स्वतःच्या शेतावर ठेवली, बोट न काढता थोडा वेळ पाहिलं आणि परत उचलली. म्हणाले, "इथं ठेवली तर पाणी कुठून आणायचं?" खरी चर्चा त्यानंतर सुरू झाली.

हा खेळ कशासाठी ते सांगतो. मी गेली नऊ वर्षं हिंजवडीत नोकरी करतो, राहतोही जवळच. आपल्याकडे आराखडा करताना गृहीत एकच धरलं जातं: लोकसंख्या इतकी होईल, वाहनं इतकी होतील, म्हणून रस्ता इतका रुंद. अंदाज चुकला की वीस वर्षांचा आराखडा चुकतो. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल आठवा. जेमतेम दीड दशकात, २०२० साली, ते पाडावे लागले, कारण हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रो आणि नवा दुमजली पूल त्यांच्यासोबत बसत नव्हते. पूल बांधताना "पुढेमागे इथून मेट्रो गेली तर?" हा एक प्रश्न विचारून खांबांची जागा ठरवली असती, तर चौकाचा इतिहास वेगळा झाला असता.

दुसरं उदाहरण कात्रज–देहूरोड बाह्यवळणाचं. मुंबई–बंगळुरू वाहतूक शहराबाहेरून जावी म्हणून तो रस्ता केला. रस्ता आला म्हणून जमिनीला भाव आला, भाव आला म्हणून बावधन, वारजे, नऱ्हे वाढले, आणि बाह्यवळण शहराच्या पोटात गेलं. रस्ता आखणारे आणि जमिनीचा वापर ठरवणारे एका टेबलावर बसले नाहीत की असं होतं. पुण्याभोवतीच्या वर्तुळाकार रस्त्याची (रिंग रोडची) कामं पुढे सरकत असताना हाच प्रश्न पुन्हा समोर आहे.

जगात यावर एक पद्धत रुळली आहे, सिनारिओ प्लॅनिंग. मी त्याला "शक्यतांचे आराखडे" म्हणतो. एका भविष्याचा अंदाज बांधण्याऐवजी तीन-चार वेगवेगळी, पण प्रत्येक खरं होऊ शकेल अशी भविष्यं मांडायची. प्रत्येकात घरं कुठे, नोकऱ्या कुठे, लोक प्रवास कसा करतील, शेती किती जाईल, पाणी पुरेल का, हे आकड्यांत काढायचं. मग कोणता निर्णय सगळ्या भविष्यांत टिकतो आणि कोणता एकातच, ते पाहायचं.

आम्ही तीन चित्रं केली. "हिंजवडीच हिंजवडी": नोकऱ्या आहेत तिथेच वाढत राहतात. "चहूबाजूंनी पुणे": पुरंदरचा विमानतळ होतो, चाकण आणि रांजणगाव वाढतात, आयटीवाले निम्मे दिवस घरून काम करतात, पश्चिमेचा जोर ओसरतो. "कोरडा उन्हाळा": माणसं येतात, पण जादा पाणी मिळत नाही.

तिन्ही चित्रांत टिकलेल्या गोष्टी अगदी साध्या निघाल्या. ओढ्यांचे काठ मोकळे ठेवणं. गावागावांतल्या शिवरस्त्यांची आणि पाणंद रस्त्यांची मध्यम रुंदीची जाळी आजच राखून ठेवणं. बस डेपोसाठी दोन जागा. ज्याच्यासाठी सगळ्यांचा आग्रह होता तो उन्नत रस्ता फक्त पहिल्या चित्रात कामाचा ठरला.

हा एका ओसरीवरचा खेळ आहे, अभ्यास नव्हे, याची जाणीव आहे. पण नऊ वर्षं रोज त्या कोंडीत बसून मला जे कळलं नव्हतं ते आज तीन तासांत कळलं. ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं.

---

मृद्गंध | रविवार, रात्री १०:१५

धागा आवडला. लोकर मोजून देण्याची कल्पना फार छान. आमच्या सोसायटीच्या बैठकीत प्रत्येकाला दारात मेट्रो आणि मागच्या दारात द्रुतगती मार्ग हवा असतो.

---

पश्चिमवारा | सोमवार, सकाळी ८:०५

मी गेली अठरा वर्षं कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहतो. इथल्या सहा काउंटींनी (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांनी) आणि त्यांतल्या शहरांनी मिळून हेच केलं होतं, "ब्लूप्रिंट" नावाने. डिसेंबर २००४ मध्ये तो मंजूर झाला, मुदत २०५० पर्यंतची. पाच हजारांवर रहिवासी कार्यशाळांना आले. टेबलावर नकाशा, त्यावर चिकटवायचे तुकडे, शेजारी लॅपटॉप. तुम्ही तुकडा हलवला की संगणक तिथल्या तिथे सांगायचा, गाडीचा प्रवास किती वाढला आणि शेतजमीन किती गेली.

आकडे देतो, कारण लोकांची मतं आकड्यांनी बदलली. २०५० पर्यंत सुमारे १७ लाख माणसं वाढणार हे धरलं होतं. जसं चाललंय तसंच चालू दिलं तर ६६१ चौरस मैल, म्हणजे सुमारे १७०० चौरस किलोमीटर नवी जमीन शहराखाली जाणार होती. लोकांनी पसंत केलेल्या चित्रात ३०४ चौरस मैल, म्हणजे निम्म्याहून कमी. एका कुटुंबाचा रोजचा मोटारीचा प्रवास पहिल्या चित्रात ४७ मैलांच्या आसपास, दुसऱ्यात ३५ च्या. माणसं तितकीच, फरक फक्त सोंगट्या कुठे ठेवल्या याचा.

त्याआधी युटामध्ये सॉल्ट लेकच्या परिसरात १९९७ पासून हेच झालं. तिथे अ, ब, क, ड अशी चार चित्रं लोकांपुढे ठेवली, सर्वांत पसरट ते सर्वांत दाट. बहुतेकांनी "क" निवडलं, म्हणजे दाट वस्ती आणि रेल्वे, पण टोकाला न जाता. १९९९ च्या डिसेंबरात तिथली पहिली लाइट रेल सुरू झाली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. आमचा ब्लूप्रिंट सल्ल्यापुरता होता. जमिनीचा वापर ठरवायचा अधिकार शहरांकडे आणि काउंटींकडेच राहिला. कुठे पाळला गेला, कुठे नाही. २००८ मध्ये राज्याने कायदा करून प्रादेशिक वाहतूक आराखड्याला जमीन-वापराचं धोरण जोडणं बंधनकारक केलं, तेव्हा त्याला थोडा जोर आला.

---

कडूलिंब | सोमवार, सकाळी ११:३०

मी या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडं परखड लिहिते. राग मानू नये.

आपल्याकडे हे अजिबात नाही असं नाही. केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक पुस्तिकेनुसार प्रत्येक शहराच्या सर्वंकष वाहतूक आराखड्यात "जसं आहे तसं" आणि "शाश्वत वाहतूक" अशी चित्रं करावीच लागतात. मी स्वतः अशा अहवालांवर राबलेय. खरं दुखणं हे की चित्रं करण्याआधीच कोणतं जिंकणार ते ठरलेलं असतं. एक चित्र मुद्दाम भीषण, एक मुद्दाम अव्यवहार्य, आणि मधलं आधीच ठरवलेलं. लोकांना त्यातून "निवडायला" सांगतात.

दुसरं, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. सॅक्रामेंटो आणि युटाची चित्रं म्हणजे "आपल्याला काय हवं" याची निवड. तुमचा विमानतळ, तुमचं पाणी, घरून काम, हे आपल्या हातात नाही. ते "काय होऊ शकतं" आहे. ही दुसरी पद्धत शेल तेल कंपनीत पिअर वॅक यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रुजवली. १९७३ च्या तेलसंकटात त्या कंपनीला तिचा उपयोग झाला, कारण तेल महागण्याची शक्यता त्यांनी आधीच मांडून पाहिली होती. "हवं ते" आणि "होऊ शकतं ते" मिसळलं की माणसं आपल्याला न आवडणारी शक्यता नकाशावरूनच काढून टाकतात.

सॅन फ्रान्सिस्को परिसराने हे वेगळं ठेवलं. २०१८-१९ मध्ये त्यांनी तीन बाहेरची भविष्यं घेतली. एकात हवामान-धोरण कडक, एकात समुद्र चढतो आणि अर्थव्यवस्था खालावते, एकात भरभराट आणि गर्दी. प्रस्तावित मोठे प्रकल्प या तिन्हींत तपासले. आधी वादळं ठरवायची, मग होडी कशी हवी ते. तुमचा ओसरीवरचा उन्नत रस्ता असाच गळाला, म्हणून तो भाग मला खरा वाटला.

---

शिवरस्ता | सोमवार, दुपारी १:१०

राग कसला, हेच हवं होतं. आम्ही मिसळलं होतं हे मान्य. "कोरडा उन्हाळा" काढून टाका असं दोघांनी सुचवलंही होतं, "तसं होणार नाही" म्हणून. आजोबांनी काढू दिलं नाही.

---

गट_नं_११७ | सोमवार, रात्री ८:५०

मी शेतकरी आहे. मुळशी तालुका. सगळं वाचलं.

नकाशावर तुमच्यासाठी सोंगटी असते, आमच्यासाठी रेघ असते. रेघ पडली की गिऱ्हाईक थांबतं, बँक विचारते, भाऊ-भाऊ वाटणीला बसतात. आरक्षण पडलं आणि जमीन घेतली नाही, तर दहा वर्षांनी नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस द्यायची आणि मग पुन्हा वाट बघायची. हे मी माझ्या चुलत्यांच्या तीन एकरांवर पाहिलंय. पोरीचं लग्न त्या जमिनीवर अडलं होतं.

तुम्ही म्हणता चार भविष्यं काढा. म्हणजे चार नकाशे. चार नकाशांत चारपट शेतकरी धास्तावणार. आणि दलाल? दलाल त्या ओसरीवर अकरावा म्हणून बसलेला असतो. कुठल्या चित्रात कुठे रस्ता येतो ते त्याला पहिल्यांदा कळतं, सातबारावाल्याला सगळ्यात शेवटी.

२०२१ मध्ये पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, प्रारूप आराखडा आला तेव्हा हजारोंनी हरकती पडल्या. लोकांना विकास नको होता असं नाही. आपल्या शेतात काय येणार हे त्यांना छापल्यावर कळलं. मुळशीचं नाव घेताना टाटांच्या धरणाविरुद्धचा १९२१ चा सत्याग्रह विसरू नका. आमच्याकडे आज्या अजून बुडालेल्या गावांची नावं घेतात.

---

अनघा_प | सोमवार, रात्री ९:३०

गट_नं_११७, तुमचं लिहिणं वाचून थांबले. हे नियोजनाच्या पुस्तकात नसतं.

मी वेगळ्या बाजूने लिहिते. मी वाकडला बालवाडी चालवते. आमच्याकडे मुलांना आणणाऱ्या बायका घरकामं करतात. एक बाई सकाळी भूमकर वस्तीतून चालत येते, मुलाला सोडते, तीन सोसायट्यांत कामं, मग दळण, मग मूल घेऊन परत. सहा-सात छोटे प्रवास, एकही "घर ते ऑफिस" नाही. अशा बाईची सोंगटी कुठली? पांढरी की काळी? शिवरस्ता, पुढच्या वेळी अंगणवाडी, दवाखाना, गिरणी, बाजार यांच्या वेगळ्या सोंगट्या ठेवा. त्या कुठे पडतात यावर रस्ता ओलांडायची जागा ठरते.

---

वाशीकर_८४ | मंगळवार, सकाळी ६:५५

माझं वय सत्तरच्या पुढे, लिहायला वेळ लागतो.

हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. १९६४-६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडलं की मुंबई उत्तरेलाच का ताणायची, खाडीपलीकडे पूर्वेला नवं शहर का नको. ते एक वेगळं भविष्यच होतं, जमीन आणि वाहतूक दोन्ही एकत्र विचारात घेतलेलं. त्यातून १९७० मध्ये सिडको झाली, नवी मुंबई उभारणारी सरकारी कंपनी. बेत असा की सरकारी कचेऱ्या तिकडे नेल्या की नोकऱ्या जातील, नोकऱ्यांमागे माणसं, आणि रेल्वे त्यांना जोडेल.

प्रत्यक्षात त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून कार्यालयं उभी राहिली. म्हणजे एक हात पूर्वेला ओढतोय, दुसरा दक्षिणेला. खाडीपूल १९७३ मध्ये झाला. मी १९८४ मध्ये वाशीला राहायला आलो. रोज बसने पूल ओलांडून मानखुर्द, तिथून लोकल. पावसाळ्यात बायकोने दिलेली पोळी बसच्या रांगेतच खाऊन व्हायची. लोकल वाशीला आली १९९२ साली, पुलानंतर जवळजवळ वीस वर्षांनी. तीही आली कारण सिडकोने खर्चाचा दोन-तृतीयांश वाटा उचलला. जमिनीच्या विक्रीतून आलेला पैसा रेल्वेत गेला, हे देशात फार थोड्या ठिकाणी झालं आहे.

रेल्वे वीस वर्षं उशिरा आली तर काय, हे चित्र कोणी काढलं होतं का, मला माहीत नाही. काढलं असतं तर पहिली वसाहत कदाचित वेगळ्या जागी झाली असती. तुम्हा मंडळींनी उशिराचंही एक चित्र करावं. प्रकल्प होईल का इतकंच विचारू नये. पंधरा वर्षं उशीर झाला तर मधल्या काळात माणसं कशी जगतील, हेही विचारावं. आमच्या पिढीचं अख्खं नोकरीचं आयुष्य त्या मधल्या काळात गेलं.

---

कडूलिंब | मंगळवार, सकाळी १०:२०

काका, उशिराचं चित्र! इतक्या वर्षांत एकाही बैठकीत मी हे ऐकलेलं नाही. आम्ही कायम "टप्पा १: पाच वर्षं" असं लिहितो आणि पुढचं सगळं त्यावर रचतो. आज दुपारच्या बैठकीत मी हे मांडणार आहे.

गट_नं_११७, तुमच्या हरकतीला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. पहिल्या फेरीत नकाशा जाडसर ठेवता येतो, एक किलोमीटरचे चौकोन, गट नंबर नाहीत. प्रश्न "या पट्ट्यात किती वस्ती सोसेल" इतकाच. दिशा ठरल्यावर रेघ येते, आणि तिथे भूसंपादनाऐवजी टीपी स्कीम (नगररचना योजना) आधी पाहावी. सगळ्यांची थोडी थोडी जमीन रस्त्याला जाते आणि उरलेला विकसित भूखंड मालकाकडेच राहतो, म्हणजे रेघेखाली एकटा कोणी भरडला जात नाही. मगरपट्ट्याला सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जमिनी एकत्र करून शहर उभं केलं, ते आपल्याच पुण्यात. पण दलालांवर माझ्याकडे उपाय नाही. एकच सुचतं. सगळी चित्रं एकाच दिवशी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली पाहिजेत, म्हणजे कोणाला आधी कळण्याचा फायदा उरणार नाही.

---

गट_नं_११७ | मंगळवार, रात्री ९:१५

मगरपट्ट्याची जमीन सपाट आणि हडपसरला लागून. आमच्याकडे डोंगरउतार, खाचरं, एकेकाचे पाच तुकडे. तिथलं तसंच इथं होणार नाही. टीपी स्कीमबद्दलही लोकांना शंका आहे, निम्मी जमीन जाते म्हणतात.

भिंतीचं मात्र पटलं. भिंतीवर लागलं की बायकाही वाचतात. कचेरीत जाऊन नकाशा बघायला एक दिवसाची मजुरी मोडते.

---

पश्चिमवारा | बुधवार, सकाळी ७:४०

एक भर. इथे कार्यशाळांचे निकाल वर्तमानपत्रांतून आणि स्थानिक वाचनालयांतूनही ठेवले होते. शिवाय प्रत्येक टेबलावर मुद्दाम वेगवेगळे लोक बसवायचे: बिल्डर, शेतकरी, शाळेतली शिक्षिका, अग्निशमनवाला. एकाच मताची माणसं एका टेबलावर बसली की सोंगट्या पटापट ठेवून होतात आणि शिकायला काही मिळत नाही.

---

शिवरस्ता | बुधवार, रात्री १०:३०

सगळं वहीत उतरवून घेतलंय. पुढच्या बैठकीसाठी असं ठरवतोय: बाहेरची भविष्यं आधी वेगळ्या कागदावर, ती बदलायची नाहीत. त्यांत वाशीकर काकांचं "पंधरा वर्षं उशीर" हे चौथं. अंगणवाडी, दवाखाना, गिरणीच्या सोंगट्या ल्युडोच्या डब्यातून. गट नंबर नसलेला, चौकोनांचा नकाशा. आणि जे निघेल ते त्याच संध्याकाळी भिंतीवर.

गट_नं_११७, तुमच्या गावात बैठक घेता येईल का? आम्ही येतो. तुम्ही सांगाल त्यांनाच बोलवू.

---

गट_नं_११७ | गुरुवार, सकाळी ६:३०

भातकाढणी झाल्यावर या. नोव्हेंबरच्या शेवटी सगळे घरी असतात. देवळात पंचवीस-तीस माणसं बसतील, बायकांना आदल्या दिवशी निरोप द्यावा लागेल. दुपारची वेळ ठेवा, संध्याकाळी धारा काढायच्या असतात.

नकाशावर ओढ्यांची नावं लिहून आणा. नुसत्या निळ्या रेघेवरून म्हाताऱ्या माणसांना जागा ओळखू येत नाही.

---

शिवरस्ता | गुरुवार, सकाळी ७:१०

आमच्या नकाशावर फक्त दोन ओढ्यांना नावं आहेत, बाकी सगळे बिननावाचे. कोराच आणतो. नावं तुमच्याकडून लिहून घेऊ, सोंगट्या त्यानंतर.